ऐनवेळचे विषय

मागच्या मार्चमध्ये शहराबाहेरच्या एका तलावासाठी सल्लागार समिती नेमली गेली आणि तीत ‘निवृत्त बँक अधिकारी’ या सदरात माझं नाव आलं. तलावाचं नाव सांगत नाही, समितीचंही नाही. पहिली बैठक साडेअकराची होती. नागपूरचे साडेअकरा म्हणजे सव्वाबारा, हे धरूनच मी गेले, तरी पहिली मीच. आलुबोंडे येऊन पडले होते, माणसं यायची होती. प्रत्येकाच्या जागेवर एकेक फाइल ठेवलेली. बसून काय करायचं म्हणून माझी चाळली, तर शेवटच्या पानावर बैठकीचं इतिवृत्त. आधीच्या कुठल्या बैठकीचं नव्हे, जी अजून सुरूच व्हायची होती तिचं. ‘सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते ठरले की...’

मी बाबूंना हाक मारली. म्हटलं, अहो, हे काय?

“कच्चं आहे मॅडम. वेळ वाचते.”

त्यांच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता. बँकेत पस्तीस वर्षं काढल्यावर अशा गोष्टीने मलाही फार धक्का बसत नाही. पण का कोण जाणे, आलुबोंड्याचा घास घेता घेता मला डहाणू आठवलं.

१९९७च्या जूनमध्ये माझी बदली डहाणूला झाली, तेव्हा समुद्राशी माझी ओळख पाठ्यपुस्तकातल्या चित्रापुरती होती. आम्ही नागपूरकर फुटाळ्याच्या काठाला चौपाटी म्हणतो आणि पाऊस झाला की अंबाझरीचा ओव्हरफ्लो बघायला भुट्टे खात उभे राहतो. पाण्याची आमची हौस एवढ्यात भागते. मुंबई आठशे सदतीस किलोमीटर. विदर्भ एक्सप्रेसने दादरला उतरायचं, विरार गाठायचं, तिथून शटल. डहाणू रोडला उतरले तेव्हा पाऊस आडवा येत होता, आणि हवेला सुकटीचा वास होता. तो मला ओळखीचा होता. आमच्या मंगळवारी बाजारात गोणपाटावर पसरलेल्या सुक्या बोंबलांचा, जवळ्याचा वास. म्हणजे हे इथून येतं होय, असं मनात आलं. एखाद्या वासाचं माहेर सापडावं तसं.

शाखेत माझ्याकडे कर्जवसुली होती. चिकूवाल्यांची कर्जं आणि बोटींची कर्जं. चिकू समजायला सोपा. झाड जागचं हलत नाही. बोट तारण ठेवून घेतलेली असते आणि ती कुठे आहे हे बँकेला कधीच माहीत नसतं. साहेबांनी तपासणीला पाठवलं, तर ओहोटी होती. खाडीच्या तोंडाशी गाळ साचल्यामुळे बोटी भरतीलाच आत-बाहेर करायच्या. मी साडी खोचून चिखलात उभी, आणि एक म्हातारा तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, मला सांगत होता, “बाई, आज भांगाचं पाणी आहे. उधाणाला या.” भांग म्हणजे काय, हे मला त्यानेच शिकवलं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी चढतं ते उधाण. अष्टमी-नवमीच्या सुमाराला पाण्याचा जोर ओसरतो तो भांग. त्यानंतर मी बोटींच्या तपासणीची तारीख कालनिर्णय बघून ठरवू लागले. मुख्य कार्यालयाने विचारलं असतं, तर या नोंदी कोणत्या परिपत्रकानुसार म्हणून खुलासा द्यावा लागला असता.

तिथली खरी समिती होती मच्छीमार सोसायटीची. कागदावर ती सहकारी संस्था: डिझेल, बर्फ, जाळ्यांचं साहित्य, माल पोचवणं. प्रत्यक्षात बंदरावरचं सगळंच तिच्यापाशी येई. खलाशांची उचल किती द्यायची, पावसाळी बंदी उठली तरी नारळी पौर्णिमेआधी बोट लोटायची की नाही, बारीक आसाचं जाळं लावून पापलेटची पिल्लं ओढणाऱ्याला काय दंड करायचा. समुद्रात डोलजाळ्यांसाठी आखून घेतलेल्या जागा असतात, त्यांना कव म्हणतात. किनाऱ्यावरून बघाल तर सगळं सपाट पाणी. त्या सपाट पाण्यात कोणाची कव कुठे संपते यावरून भांडण होई, आणि तेही सोसायटीच्या ओट्यावर येई. पाण्यावर सातबारा नाही. होता तो म्हाताऱ्यांच्या डोक्यात.

मी दोन-तीन वेळा त्या बैठकांना बसले, कर्जाच्या निमित्ताने. इतिवृत्त लिहायला एक मुलगा होता. तो अर्ध्या वेळात पेन कानावर ठेवून ऐकत बसे. लोक एकमेकांना तोंडावर खोटारडे म्हणत. चेअरमनला तर जास्तच. मग कोणीतरी उठून, चहा सांगून येतो म्हणे, आणि तो परत येईपर्यंत काहीतरी ठरलेलं असे. फार सुंदर व्यवस्था होती असं मी म्हणणार नाही. समितीत एकही बाई नव्हती. माझ्या तीन वर्षांत सह्या सगळ्या पुरुषांच्या, अंगठे पुरुषांचे, आणि हप्ता मात्र मासे विकून आलेल्या बायका आणून देत, कनवटीला खोचलेल्या ओलसर नोटा. त्या नोटा कॅशियर वेगळ्या ठेवी, सुकायला. बंदराचा खरा हिशेब ज्यांच्याकडे होता, त्या बायका ओट्याच्या खाली बसून जवळा निवडत. तिथूनच एखादी ओरडून आतल्याला दुरुस्त करी. ती दुरुस्ती इतिवृत्तात कधी आली नाही.

त्याच काळात वाढवणचं प्रकरण चाललं होतं. आज ‘वाढवण’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. तेव्हा नागपुरात फोनवर आईला सांगितलं, तर तिला वाटलं मी पगारवाढीबद्दल बोलतेय. डहाणूच्या दक्षिणेला चिंचणी, वरोर, वाढवण अशी गावं. मासेमारी, वाड्या, आणि घराघरांत दागिन्यांचे साचे कोरणारे डायमेकर. तिथल्या समुद्रात पी अँड ओ या परदेशी कंपनीला घेऊन मोठं बंदर करायचा राज्य सरकारचा बेत होता. शाखेतल्या काउंटरवर त्याची चर्चा रोज. आमचे साहेब खूश: पोर्ट आलं की शाखा ‘मोठी’ होणार.

आणि इथे मला प्रथमच कळलं की डहाणूला एक वेगळंच कवच आहे. २० जून १९९१ला केंद्राने अधिसूचना काढून अख्खा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला होता. उद्योगांसाठी सगळ्या तालुक्यात मिळून पाचशे एकरांपेक्षा जास्त जागा नाही. अधिसूचना काय, पुष्कळ निघतात. पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, १९९६च्या ऑक्टोबरात निकाल लागला, आणि त्यातून त्याच डिसेंबरात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण जन्माला आलं. जलविज्ञान, समुद्रविज्ञान, परिसंस्था अशा विषयांतले तज्ज्ञ सभासद, आणि अध्यक्षपदी उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती, चंद्रशेखर धर्माधिकारी.

हे मी एसटीडी बूथवरून आईला सांगितलं, तेव्हा मात्र ती एकदम सावध झाली. “दादांचा मुलगा? आपल्या नागपूरचा?” तिच्या दृष्टीने वाद तिथेच संपला. ‘आपला’ माणूस बसला आहे ना, मग चिंता नको. गांधीवादी विचारवंत दादा धर्माधिकारींच्या व्याख्यानांना ती लहानपणी वडिलांसोबत जायची. मुलाचा जन्म रायपूरचा, १९२७चा, पण वकिली नागपूरला केलेली. १९७२मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. नागपुरात सभासमारंभाला खादीतले न्यायमूर्ती लोकांनी पाहिलेले. समुद्राशी त्यांचा संबंध माझ्याइतकाच असावा, असं मला उगाचच वाटायचं. समुद्रापासून इतक्या लांबच्या गावातला माणूस एका खाडीच्या गावाचा राखणदार! मला त्यात गंमत वाटे आणि थोडा हेवाही. मी बोटी मोजत होते आणि माझ्याच गावचा माणूस बंदर मोजत होता.

सप्टेंबर १९९८मध्ये प्राधिकरणाने सांगितलं: नाही. डहाणूच्या अधिसूचनेत हे बंदर बसत नाही.

त्या दिवशी गावात फटाके वाजले की नाही ते मला आठवत नाही. मी रजेवर नागपूरला होते. परतल्यावर तांडेलाने मला विचारलं, “बाई, हा जज्ज तुमच्या गावचा ना?” एखाद्या माणसाने आपल्या नातेवाइकाचं लग्न जमवून द्यावं तसा त्याचा स्वर होता. माझा त्यात काडीचा वाटा नव्हता, तरी मी “हो” म्हणाले, जरा ताठ होऊन.

नंतर पुष्कळदा विचार केला की त्या ‘नाही’मध्ये नेमकं काय होतं. न्यायमूर्तींची सचोटी होती, हे खरं. पण सचोटीची माणसं पुष्कळ समित्यांवर असतात आणि आलुबोंडा खाऊन घरी जातात. ते सल्लागार मंडळ नव्हतं. ते कायद्याने उभं केलेलं प्राधिकरण होतं. त्याचं म्हणणं बाजूला सारायचं, तर सरकारलाही न्यायालयाची पायरी चढावी लागणार होती. तिथल्याच औष्णिक वीज केंद्राला त्यांनी १९९९मध्ये धुरातलं गंधक काढण्याची यंत्रणा बसवा म्हणून आदेश दिला. ती बसायला २००७ उजाडलं, पण बसली. आठ वर्षं एका मागणीचा पाठपुरावा करणारी समिती आपल्याकडे दाखवा म्हटलं तर मला दुसरी पटकन सांगता येत नाही. सल्लागार मंडळात काय होतं? सल्ला द्यायचा, तो ‘नोंद घेण्यात आली’ या तीन शब्दांत पुरायचा. आणि ज्याने तो मानला नाही, त्याला का मानला नाही हे लिहूनही द्यावं लागत नाही.

बंदरांचा कारभार बघणाऱ्या मंडळांवर कोण बसतं, हे बघायचा मला नंतर नादच लागला. (निवृत्त बँकवाल्यांचे नाद असेच असतात, कोणाला भजनीमंडळ, कोणाला कायद्याची परिशिष्टं.) मुंबईत पोर्ट ट्रस्ट आला १८७३ साली. आमच्या विदर्भाच्या कापसाचं नशीब तेव्हा त्याच धक्क्यांशी बांधलेलं. रेल्वे नागपूरला १८६७मध्ये पोचली, ती काही आम्हाला समुद्र दाखवायला नव्हे. गाठी तिकडे न्यायला. आज मोठ्या बंदरांच्या मंडळात सरकार, रेल्वे, कस्टम, संरक्षण खातं हे असतातच. २०२१च्या नव्या कायद्याने मंडळं आटोपशीर केली. स्वतंत्र सदस्य आले, कामगारांच्या दोन प्रतिनिधींच्या जागा राहिल्या. लहान बंदरं महाराष्ट्रात अठ्ठेचाळीस, ती १९९६पासून सागरी मंडळाकडे. आणि १९०८चा बंदर कायदा जाऊन २०२५मध्ये नवा आला, त्यात वादनिवारण समिती आहे. बंदर, ठेकेदार आणि बंदर वापरणारे यांच्यातल्या वादांसाठी. ज्याच्या कवेवर बंदर येतं तो यात कुठे बसतो? त्याच्या बाजूने बघितलं तर तो बंदर वापरत नाही, बंदर त्याला वापरतं.

आमच्या कळमन्याच्या बाजार समितीला लोक किती शिव्या घालतात! त्यातल्या निम्म्या मीही घातल्यात. पण बाजार समितीच्या रचनेत अठरा संचालकांपैकी पंधरा शेतकऱ्यांचे, दोन अडते-व्यापाऱ्यांचे, आणि एक, फक्त एक, हमाल-मापाऱ्यांचा. एकच का, म्हणून भांडता येईल. पण ती एक खुर्ची कायद्यात लिहिलेली आहे. पाठीवर पोतं घेणाऱ्याचं मत धान्याच्या बाजारात लागतं, हे कोणाला तरी सुचलं होतं. समुद्राच्या बाबतीत ते कोणाला सुचलं नाही. डहाणूच्या त्या प्राधिकरणातही, ज्याचं मी एवढं गुणगान गातेय, तज्ज्ञ होते, तांडेल नव्हता. भांग आणि उधाण त्यांना आकड्यांतून कळत असणार. ते चुकीचं होतं असं नाही. पण मला चिखलात उभं राहून कळलं होतं ते वेगळं होतं.

न्यायमूर्ती धर्माधिकारी ३ जानेवारी २०१९ला नागपुरातच गेले. मी तोवर इथे परत येऊन स्थिरावले होते. थंडी कडाक्याची होती. वर्तमानपत्रात मोठी बातमी होती, बेचाळीसच्या चळवळीतला मुलगा, गांधीविचार, न्यायालय, सगळं. डहाणू चार ओळींत. त्या चार ओळी मी कापून ठेवल्या. तांडेल हयात असता तर त्याला फोन केला असता.

मग खुर्ची रिकामी राहिली. पुढे प्राधिकरण पुन्हा जुळवलं गेलं आणि ३१ जुलै २०२३ला त्याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला अटी घालून ना हरकत दिली. उच्च न्यायालयातलं आव्हान २०२४च्या एप्रिलमध्ये टिकलं नाही. जूनमध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी, ३० ऑगस्टला पालघरला पायाभरणी. ७६,२२० कोटींचा प्रकल्प. हजार-हजार मीटरचे नऊ कंटेनर टर्मिनल, दहा किलोमीटरपेक्षा लांब लाटरोधक भिंत, १,४४८ हेक्टर समुद्रात भराव. खोली वीस मीटरच्या आसपास नैसर्गिकच, त्यामुळे जगातली सर्वांत मोठी कंटेनर जहाजं थेट लागतील. पंचवीस वर्षांपूर्वीच्या प्रस्तावापेक्षा हा वेगळा आहे, किनाऱ्यापासून आत आहे, असं सांगतात. असेलही. ‘नाही’ म्हणणारी जागा तीच होती, कायदाही तोच. माणसं बदलली, काळ बदलला, आणि शब्द बदलला. दोन्ही निर्णय कागदोपत्री रीतसर. मला हे पचायला जड गेलं, आणि अजून पूर्ण पचलेलं नाही.

माझे दीर काटोलला. संत्र्याची बाग. बांगलादेशाने आयातशुल्क वाढवत नेल्यापासून त्यांचा मृग बहार म्हणजे घोर. गेल्या दिवाळीत फराळाला बसलो असताना मी वाढवणचा विषय काढला, थोड्या दुःखाने. ते चकली मोडत म्हणाले, “वैनी, पोर्ट झालं पाहिजे. समृद्धी झाली, थ्या पोर्टाले जोडरस्ता होऊन राह्यला. आमचा संत्रा दुबईले जाईन. तुमच्या मासेवाल्याईचं वाईट वाटते, पण आमचं कोणाले वाटते?”

यावर काय बोलणार? ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग नागपुरातूनच सुरू होतो. नागपुरात कंटेनर डेपो आहे, वर्ध्याकडे सिंदी रेल्वेला ड्रायपोर्टच्या बातम्या आम्ही वर्षानुवर्षं वाचतोय. पाण्याविना बंदर, आमच्या नशिबाला शोभेलसं. समुद्राच्या काठी जे ठरतं त्याचा एक धागा काटोलच्या बागेपर्यंत येतो. भाऊजींच्या बाजूने मीच बोलले असते, जर त्या चिखलात कधी उभी राहिले नसते. आणि खरं सांगायचं तर बँकेत असताना पोर्ट झालं असतं, तर मलाही बढती लवकर मिळाली असती.

तेव्हा बंदर व्हावं की नको, याचं माझ्याकडे उत्तर नाही. मला टोचतं ते दुसरंच. भाऊजी आणि तांडेल एका टेबलाशी कधी बसले नाहीत. बसले असते तर एकमेकांना खोटारडे म्हणाले असते, मग कोणीतरी चहा सांगायला उठलं असतं.

परवा तलावाच्या समितीची चौथी बैठक होती. पहिल्या तीनमध्ये मी काय केलं ते सांगण्यासारखं नाही; एकदा इतिवृत्तातलं ‘सर्वानुमते’ खोडून ‘बहुमताने’ करायला लावलं, एवढंच. विषय होता काठावरचं सुशोभीकरण. पदपथ, दिवे, नौकानयन, सेल्फी पॉइंट. सादरीकरणात तलावाचं पाणी स्विमिंग पूलसारखं निळं होतं. आमच्या तलावाचं पाणी कुठल्याच ऋतूत निळं नसतं.

दाराशी एक माणूस उभा होता. धिवर सोसायटीचा, तलाव मासेमारीला त्यांच्याकडे ठेक्यावर आहे. ‘विशेष निमंत्रित’ म्हणून बोलावलं होतं, पण खुर्च्या सभासदांपुरत्या. मी म्हटलं, एक खुर्ची मागवा. शिपाई गेला तो आलाच नाही. मग मी माझी पिशवी उचलून बाजूची खुर्ची मोकळी केली, पण तो काही बसायला तयार होईना. पँटचे पाय गुडघ्यापर्यंत ओले होते. खुर्ची भिजेल म्हणून असेल.

वास्तुविशारद नौकांच्या मार्गाबद्दल सांगत होते. तो माझ्या कानाशी वाकला.

“बाई, गाळ किती साचला थे इचारा ना याईले. त्या कोपऱ्यात मानसाच्या छातीएवढंबी पानी नाई. नाव फसते थे. आन् मच्छी तिथंच अंडी घालते.”

मी हात वर केला. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. मी म्हटलं, हे यांनाच सांगू द्या, मी फक्त जागा करून देते. तो बोलला. दोन मिनिटंही लागली नसतील. काठीने गाळ मोजायची त्यांची पद्धत त्याने हातवारे करून दाखवली, कुठे किती हात पाणी आहे ते सांगितलं. आवाज सुरुवातीला बसला होता, नंतर सुटला. वास्तुविशारदांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं, हे मी पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, “चांगली सूचना आहे,” आणि पुढचा स्लाइड लावायला सांगितला.

बैठक संपल्यावर मी बाबूंच्या टेबलापाशी गेले. कच्चं इतिवृत्त तयारच होतं. म्हटलं, त्यांनी सांगितलेलं गाळाचं लिहा, हातांच्या मापासकट.

त्यांनी पान उलटसुलट केलं. कार्यक्रमपत्रिकेवर गाळाचा मुद्दा नव्हता.

“कुठं टाकू मॅडम?”

“ऐनवेळचे विषय.”

“नाव काय त्या मानसाचं?”

मी दाराकडे वळले. तो निघून गेला होता. दुपारचे दोन वाजत आले होते, जाळी उचलायची वेळ असावी. मी बाबूंना म्हटलं, थांबा, विचारून येते, आणि जिना उतरू लागले.